मधुमेह कोचिंगचा डॅशबोर्ड : पहिल्या स्क्रीनवर नेमकं काय ठेवायचं?

खडीसाखर

टाइप २ मधुमेहासाठी १२ आठवड्यांचा कोचिंग कार्यक्रम, पूर्ण मराठीतून. सहभागी साधारण ४५ ते ७० वयाचे, हातात बेताचा अँड्रॉइड फोन, घरात ग्लुकोमीटर. थोड्या जणांच्या दंडावर सीजीएम, म्हणजे सतत साखर मोजणारा सेन्सर. एका कोचकडे शंभरेक माणसं.

अ‍ॅपचा जो आराखडा तयार आहे त्यात पहिल्या स्क्रीनवर नऊ कार्डं आहेत: साखर, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची रक्तचाचणी), वजन, रक्तदाब, पावलं, झोप, पाणी, कॅलरी आणि १०० पैकी 'आरोग्य गुण'. कोचलाही हीच स्क्रीन दिसते, फक्त वर सहभागीचं नाव निवडायची सोय जास्त.

नवातलं काय काढायचं? आलेख कसे असावेत? कोचला वेगळी स्क्रीन लागेल का? 'छान दिसतंय' नको, चुका दाखवा.

तिरपी रेघ

आधी तो आरोग्य गुण काढा. पावलं वाढली आणि उपाशीपोटीची साखर १३० वरून १६० वर गेली, तरी गुण ७२ चे ७२ राहू शकतात. इतक्या वेगळ्या गोष्टी एका पातेल्यात ढवळल्या की कशामुळे काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही. शिवाय १०० पैकी गुण म्हटलं की आपल्याकडे प्रगतिपुस्तक आठवतं, आणि कमी मार्कांचं प्रगतिपुस्तक कोणी रोज उघडत नाही.

बाकीच्या आठांना एकच चाळणी लावा: हा आकडा किती दिवसांनी बदलतो, आणि बदलला तर आज काय वेगळं करायचं? एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतं. १२ आठवड्यांत त्याचे दोनच आकडे येणार, सुरुवातीचा आणि शेवटचा. त्याला रोजच्या स्क्रीनवर जागा नाही. वजन पाण्यामुळे, मिठामुळे, पोट साफ झालं-न झालं एवढ्यानेही किलोभर मागेपुढे होतं. म्हणून ७ दिवसांची सरासरी दाखवा, आणि आठवड्यात तीनपेक्षा कमी नोंदी असतील तर सरासरी काढूच नका. वजनासकट रक्तदाब, पावलं, झोप, पाणी, कॅलरी 'माझी प्रगती' नावाच्या दुसऱ्या पानात जाऊ द्या.

पहिल्या स्क्रीनवर वरून खाली तीनच गोष्टी. आजचं पुढचं काम आणि त्याचं एक मोठं बटण ('सकाळची साखर नोंदवा'). त्याखाली शेवटची नोंद, वेळेसकट, आणि तिचा अर्थ सांगणारं एक वाक्य. त्याखाली गेल्या ७ दिवसांचे ठिपके.

आणि 'सलग २३ दिवस!' असला प्रकार टाळा. गावाला गेलं, मीटरच्या पट्ट्या संपल्या, एक दिवस चुकला की २३ चा शून्य होतो आणि माणूस तिथेच सोडून देतो. '७ पैकी ५ दिवस' असं लिहिलं की चुकलेले दोन दिवस फार अंगावर येत नाहीत.

लॅन्सेट

वरच्या सगळ्याला +१. पण स्क्रीन कितीही सुबक असो, शब्द चुकले तर आकडेच चुकीचे येतात.

आराखड्यात 'फास्टिंग'चं भाषांतर 'उपवास' झालेलं दिसतं. 'उपवासाची साखर' वाचून एखादी आजी एकादशीची वाट बघेल किंवा साबुदाण्याची खिचडी खाऊन मोजेल. शब्द 'उपाशीपोटी' हवा आणि खाली बारीक ओळ: रात्रीच्या जेवणानंतर किमान ८ तास काही न खाता, चहाच्या आधी. 'चहाच्या आधी' हे लिहायलाच लागतं. चहा बऱ्याच जणांच्या हिशेबी खाण्यात धरला जात नाही.

'जेवणानंतर २ तासांनी' मध्येही गोम आहे. मोजायचं पहिल्या घासापासून. लोक हात धुतल्यापासून मोजतात, अर्धा तास तिथेच सरकतो. 'जेवायला बसलो' असं बटण ठेवा. ते दाबलं की दोन तासांनी फोनने आठवण करायची.

सगळ्यात धोक्याचा शब्द 'कमी'. साखर ६२ आली आणि स्क्रीनवर 'साखर कमी आहे' असं उमटलं, तर वर्षभर 'साखर कमी करा' ऐकलेल्या माणसाला ती शाबासकी वाटते. ७० च्या खाली आकडा आला की बाकी सगळी स्क्रीन झाकून हेच आलं पाहिजे: 'साखर धोक्याइतकी उतरली आहे. आत्ता १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा चहाचे ३ चमचे साखर पाण्यात घालून घ्या. १५ मिनिटांनी परत मोजा.' सोबत १५ मिनिटांची उलटी मोजणी आणि परत नोंदवायचं बटण. ५४ च्या खाली असेल तर घरच्यांना फोन करायचं बटणही तिथेच. आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा, ही ओळ घरच्यांसाठी.

एक बारकावा बहुतेक आराखड्यांत सुटतो. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडण्याचं काम ही औषधं अडवतात. त्यांना ग्लुकोज पावडरच लागते. म्हणजे औषधांची यादी आणि हे कार्ड जोडलेलं हवं. यादी रिकामी असेल तर सरसकट 'ग्लुकोज' लिहा.

काठावरचा

ग्लुकोमीटरवर कधी कधी आकडा न येता इंग्रजीत 'हाय' किंवा 'लो' येतं. ते कुठे नोंदवायचं?

लॅन्सेट

@काठावरचा, बरोबर पकडलंत. बरीच मीटर साधारण २० ते ६०० च्या बाहेर आकडा दाखवत नाहीत. नोंदीच्या रकान्याशेजारी ही दोन बटणं द्या, मीटरवर दिसतात तशाच अक्षरांत. नाहीतर लोक तिथे ० किंवा ९९९ टाकतात आणि सरासरीचं मातेरं होतं. 'हाय' आणि 'लो' सरासरीत धरायचे नाहीत, पण कोचच्या यादीत सगळ्यात वर आले पाहिजेत.

साडेपाच

माझ्या 'साडेपाच' या आयडीचं कारण आता सांगतो. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) चालतो आणि दिवसाची विभागणी तिथेच केली, तर भारतातल्या पहाटे साडेपाचपर्यंतच्या सगळ्या नोंदी आदल्या तारखेला पडतात. पहाटे ५ ला उठून उपाशीपोटी मोजणारे, म्हणजे तुमचे सगळ्यात शिस्तीचे सहभागी, नेमके त्यांचेच आकडे 'काल'मध्ये दिसणार आणि 'आज नोंद केली नाही' म्हणून फोन त्यांनाच टोचत राहणार. वेळ यूटीसीत साठवा, सोबत नोंदीच्या क्षणाचा फरक साठवा (भारतात +५:३०), आणि दिवस ठरवताना तो फरक धरा. मुलाकडे दुबईला किंवा न्यू जर्सीला गेलेल्या आजोबांची सकाळ तिथलीच सकाळ राहिली पाहिजे.

मीटरचं घड्याळ हा दुसरा घोटाळा. बॅटरी बदलली की पुष्कळ मीटरची तारीख मूळपदावर जाते. ब्लूटूथने आलेली नोंद फोनच्या वेळेपेक्षा फार जुनी किंवा पुढची असेल तर गुपचूप घेऊ नका. 'ही नोंद आत्ताची का?' असं विचारा. एकच नोंद दोनदा येणंही ठरलेलं. उपकरणाचा क्रमांक, वेळ आणि आकडा तिन्ही जुळले तर एकच धरा. पावलांचं तेच: फोन खिशात आणि घड्याळ मनगटावर असेल तर दोघांची बेरीज करू नका. अँड्रॉइडवर आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या हेल्थ कनेक्टकडून कच्च्या नोंदी घेऊन स्वतः बेरीज करण्यापेक्षा त्याची तयार एकत्रित बेरीज मागा.

नोंद आधी फोनमध्येच साठवा, नेट आलं की पाठवा, आणि पाठवली की नाही ते शब्दांत दाखवा. गोल फिरणारं चक्र बघून लोक तीच नोंद तीनदा टाकतात.

तिरपी रेघ

आलेखांचं राहिलंच होतं.

उभा अक्ष आपोआप ताणला जाऊ देऊ नका. ११८ वरून १२४ ला गेलेली साखर सह्याद्रीच्या कड्यासारखी दिसते आणि माणूस घाबरतो. अक्ष कायम ४० ते ३००. वरचं काही आलं तर काठावर बाण. मागे लक्ष्याचा फिकट पट्टा. हा पट्टा प्रत्येकाचा वेगळा, डॉक्टरांनी ठरवलेला. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचे नेहमीचे आकडे म्हणजे जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवायला सुरुवात केल्यापासून एक-दोन तासांनी १८० च्या आत. पण ७० वर्षांच्या, आधी साखर उतरून पडलेल्या माणसाला ते लावत नाहीत. तेव्हा आकडा कोडमध्ये कोरून ठेवू नका.

ग्लुकोमीटरच्या नोंदी रेघेने जोडू नका. सकाळचे १२० आणि दुपारी जेवणानंतरचे १९० जोडले की करवतीचे दात तयार होतात, ज्यातून काहीच कळत नाही. उपाशीपोटीचे ठिपके एका ओळीत, जेवणानंतरचे दुसऱ्या ओळीत. ज्या दिवशी नोंद नाही तिथे मोकळी जागा. आलेखाच्या काही लायब्रऱ्या रिकाम्या जागी शून्य धरतात. साखर शून्य दाखवणारा डॅशबोर्ड म्हणजे माणूस गेल्याची बातमी.

रंगाबद्दल: लाल-हिरव्यावर भिस्त नको. लक्ष्यात असेल तर भरीव गोल, वर असेल तर वर टोक असलेला त्रिकोण, खाली असेल तर खाली टोक असलेला. पांढऱ्यावर पिवळा अजिबात नको, उन्हात दिसत नाही. अक्षरांचा पार्श्वभूमीशी रंगविरोध (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १, आलेखाच्या खुणांचा ३ ला १. बटणं अँड्रॉइडच्या मापात किमान ४८, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर. तुमचा वयोगट बघता मुख्य बटण त्याच्या दीडपट करा.

खडीसाखर

सीजीएमवाल्यांचं काय? दर पाच मिनिटांनी एक आकडा, दिवसाला २८८. १४ दिवसांचे ४,०३२ ठिपके काढायला गेलं तर स्वस्त फोन गुदमरतो.

तिरपी रेघ

सहभागीला ते ठिपके दाखवूच नका. एक आडवी पट्टी पुरे: ७० ते १८० मध्ये किती वेळ, वर किती, खाली किती. तेही टक्क्यांत नको, तासांत. सीजीएमबद्दलच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीतलं लक्ष्य ७० टक्क्यांहून जास्त वेळ पट्ट्यात, ४ टक्क्यांहून कमी वेळ ७० च्या खाली असं आहे. म्हणजे दिवसातले साधारण १७ तास पट्ट्यात आणि खाली तासाभराच्या आत. '१७ तासांपैकी १४ झाले' हे कोणालाही कळतं. वयस्कर आणि धोक्यातल्यांसाठी तेच लक्ष्य ५० टक्के आणि ७० च्या खाली १ टक्क्याहून कमी.

१४ दिवसांत निदान ७० टक्के वेळ सेन्सर चालू नसेल तर पट्टी काढू नका, 'अजून माहिती अपुरी' लिहा. कोचसाठी मात्र चोवीस तासांवर पसरलेला आलेख, मधली रेघ आणि भोवती पट्टे, सर्व्हरवर तयार करून पाठवा. आणि सेन्सरच्या सरासरीवरून काढलेल्या अंदाजाला 'एचबीएवनसी' म्हणू नका. लॅबचा आकडा वेगळा येतो आणि मग सगळ्या डॅशबोर्डवरचाच विश्वास उडतो. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर लॅबचं एचबीएवनसीही खोटं चढतं, पण तो डॉक्टरांचा प्रांत.

वाटीभर

कॅलरीचं कार्ड काढताय ते उत्तम. 'आमटी १ वाटी' हा आकडा नसून निव्वळ अंदाज असतो. कोणाची वाटी १०० मिलिलिटरची, कोणाची २००. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते मुख्यतः कच्च्या जिनसांचे आहेत. घरच्या आमटीत डाळ किती आणि पाणी किती हे त्यांना कसं कळणार? कोचिंगला त्यातलं फारसं लागतही नाही. ताटाचा फोटो आणि तीन प्रश्न: पोळी-भाकरी-भात मिळून किती? ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा होता का? गोड काही होतं का? वीस सेकंदांत नोंद.

याला उपवासाचं बटण जोडा. वर लॅन्सेट म्हणतात तो उपाशीपोटीचा नव्हे, खरा उपवास. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र, आणि हो, रमजानचे रोजे. एकतर साबुदाणा, बटाटा, रताळं यांनी साखर चढते, नाहीतर ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन काहीच न खाल्ल्याने उतरते. 'उद्या उपवास आहे' असं आदल्या दिवशी दाबता आलं पाहिजे म्हणजे कोचला औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलायला वेळ मिळतो. आलेखातही त्या दिवसावर छोटी खूण हवी. नाहीतर नवरात्राचे नऊ दिवस म्हणजे 'सहभागी बिघडला' असा निष्कर्ष निघतो.

लॅन्सेट

कोचच्या स्क्रीनबद्दल: वेगळीच हवी, यात दुमत नसावं. शंभर माणसांचे शंभर आलेख उघडून बघणं कोणालाही जमत नाही. कोचला आलेखांच्या आधी कामाची यादी लागते. प्रत्येक ओळीत नाव, वय, कारण मराठी वाक्यात ('उपाशीपोटी तीन दिवस १८० च्या वर'), शेवटचं बोलणं कधी झालं, आणि 'फोन करा / संदेश / डॉक्टरकडे पाठवा' ही तीन बटणं.

ही यादी धोक्याने लावा, नावाच्या अकारविल्हे नको. वर ५४ च्या खालचे, 'लो' आणि 'हाय'. मग ७० च्या खालचे. मग सलग चढे आकडे. त्यानंतर पाच दिवस काहीच न नोंदवणारे. हा शेवटचा गट नेहमी विसरला जातो, कारण आकडा नाही म्हणजे इशारा नाही असंच यंत्राला वाटतं.

इशारा बंद करताना कारण निवडायला लावा: बोलणं झालं, चुकीची नोंद, उपवास, डॉक्टरांकडे दिलं, काही करायची गरज नव्हती. महिन्याभराने बघा. एखादा नियम निम्म्याहून जास्त वेळा 'काही करायची गरज नव्हती' म्हणून बंद होत असेल तर तो नियम सैल करा. एका रात्री चाळीस लाल ठिपके उमटले की एक्केचाळिसावा कोणी बघत नाही.

काठावरचा

आणि रात्री अडीचला ५० आली तर? कोच झोपलेला.

लॅन्सेट

म्हणूनच सहभागीच्या स्क्रीनवर 'तुमचा कोच तुमच्यावर लक्ष ठेवून आहे' असलं गोड वाक्य नको. 'कोच सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६' असं स्पष्ट लिहा, आणि त्या वेळेबाहेर उतरलेल्या साखरेच्या कार्डावर कोचचं नाव दिसूच नये. घरचा नंबर आणि १०८.

कोचच्या तयार संदेशांमधून 'गोळी अर्धी करा', 'इन्सुलिन दोन युनिट वाढवा' ही भाषा पूर्ण काढा. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषध लिहून देणं नोंदणीकृत डॉक्टरचंच काम आहे, आणि यंत्रालाही ते करता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागते, आणि संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. मुलाला आईचे आकडे दाखवायचे असतील तर ती आईची वेगळी संमती, नोंदणीच्या चौकटीत गुंडाळलेली नाही.

उलटा स्वल्पविराम

देवनागरीकडे कोणीच बघितलं नाही म्हणून चार ओळी. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. 'पूर्ण'चं 'पण' होतं. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. जागा पुरली नाही म्हणून 'उपाशीपो…' असं कापू नका, दुसऱ्या ओळीत जाऊ द्या. पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

कोचच्या यादीत नाव शोधताना एक गंमत होते. 'कुऱ्हाडे' दोन तऱ्हांनी टंकता येतं, डोळ्यांना सारखंच दिसतं, पण आतले संकेत वेगळे, त्यामुळे शोध रिकामा येतो. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणा.

आकडे अर्थातच मराठी हवेत. १२४ दिसलं की घरचं वाटतं.

साडेपाच

इथे मी विरोधात. मीटरवर इंग्रजी आकडे, लॅबच्या कागदावर इंग्रजी, गोळीच्या पाकिटावर इंग्रजी. मीटरवरून बघून टाकायचा आकडा मीटरवर दिसतो तसाच स्क्रीनवर दिसला तर पडताळणी एका नजरेत होते. मराठी ५ आणि ६ घाईत चुकतात, आणि मराठी १ अर्धवट बघितला तर इंग्रजी ९ वाटतो.

जो काही निर्णय घ्याल तो जाणूनबुजून घ्या, कारण ब्राउझर तुमच्या वतीने घेऊन टाकतो. ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट भाषेला 'मराठी-भारत' सांगून आकडा मागितला की तो आपोआप देवनागरीत येतो. हिंदी सांगितलं तर इंग्रजीत. अंकपद्धत स्पष्ट लिहा. उलट बाजूने जावास्क्रिप्टला '१२०' हे आकड्यात बदलायला दिलं तर उत्तर 'हा आकडा नाही' असं येतं, पायथॉन मात्र निमूट घेतं. म्हणून रकाना 'संख्या' प्रकारचा न ठेवता मजकुराचा ठेवा, कीबोर्ड अंकांचा मागवा, आणि दोन्ही लिपींतले अंक घेऊन आत एकच रूप साठवा.

उलटा स्वल्पविराम

पडताळणीचा मुद्दा मान्य. मग मजकुरातले आकडे मराठी ('७ पैकी ५ दिवस') आणि मीटरचे आकडे मीटरसारखे, असं करता येईल. दोन्ही सरमिसळ एका वाक्यात मात्र नको.

खडीसाखर

नवा आराखडा: कामाचं बटण, शेवटची नोंद आणि वाक्य, ७ दिवसांचे ठिपके. उपवास आणि 'जेवायला बसलो' खालच्या पट्टीत. कोचची यादी वेगळी. डॉक्टरांना दाखवायला एक पानाची पीडीएफ. आता काय राहिलं?

तिरपी रेघ

एका फोनवर नवरा-बायको दोघांची खाती असणार. नोंदीच्या स्क्रीनवर वर फोटो आणि नाव ठसठशीत हवं, नाहीतर काकांची साखर काकूंच्या खात्यात. १२० च्या जागी १२०० पडलं तर सरळ नाकारू नका, 'एक शून्य जास्त झालं का?' असं विचारा.

पीडीएफ काळ्या-पांढऱ्यात वाचता येईल अशी करा, कारण तिची झेरॉक्सच निघते. आणि बऱ्याच पीडीएफ लायब्रऱ्यांना देवनागरीची जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. 'किती'तली पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. वेबपान तयार करून ब्राउझरकडूनच पीडीएफ छापून घ्या.

चाचणीला पाच-सहा माणसं पुरतात, पण तुमच्याच वयोगटातली आणि स्वतःचा चष्मा, स्वतःचा फोन घेऊन आलेली. 'आवडलं का' विचारू नका. ६२ चा आकडा दाखवा आणि विचारा, 'आता काय कराल?'

साडेपाच

आणि त्याच दिवशी पहाटे ५:२९ ची एक आणि ५:३१ ची एक अशा दोन नोंदी टाकून बघा. दोन्ही एकाच तारखेला पडल्या तर पुढे जा.